पेणची धातुमळी, रोह्याचे पाणी

रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतून पेणकडे येताना मला कीव्हचे संशोधक व्हिक्टर ग्लुखोव्स्की आठवतात. पोलाद कारखान्याची धातुमळी, म्हणजे स्लॅग, तीव्र अल्कलीत कालवली की दगडासारखी घट्ट होते, हे त्यांनी १९५०च्या दशकात दाखवले. फ्रान्सच्या जोसेफ दाविदोविट्स यांनी भाजलेल्या चिकणमातीवर असेच प्रयोग केले आणि १९७०च्या दशकात ‘जिओपॉलिमर’ हे नाव दिले. सिमेंटची भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते; इथे ती नाही. मात्र कॉस्टिक सोडा महाग. मग कारखान्यांचे अल्कलीयुक्त सांडपाणीच का वापरू नये? पोलाद कारखाना पेण तालुक्यात डोलवीला, रसायनांचे धाटावला. पण प्रत्येक कारखान्याचे पाणी निराळे! त्यातली अल्कली मोजल्याशिवाय, जड धातू तपासल्याशिवाय घराचा स्लॅब ओतायला मी धजणार नाही. आधी फरसबंदीचे ठोकळे पाडावेत, दोन पावसाळे उघड्यावर ठेवावेत आणि त्यांतून झिरपणारे पाणी तपासावे. खाली भातशेती आहे.