मर्यादाभंग कीं अत्याचार?

मनाच्या रोगावर उपचार करणाऱ्यानें रुग्णाशीं असलेली मर्यादा ओलांडली, तर त्यास नुसती चूक म्हणावें कीं अत्याचार? हा वाद मनोविश्लेषणाच्या बाल्यावस्थेइतकाच जुना आहे.

१९०४ च्या ऑगस्टमध्यें साबिना श्पीलराइन ही रशियांतील अठरा वर्षांची मुलगी झुरिच येथील बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयांत दाखल झाली. डॉक्टर कार्ल युंग यांच्या उपचारांनीं ती सुधारली व वैद्यकाचा अभ्यास करूं लागली. पुढें उभयतांत प्रणय जडला. तो कोठवर गेला याविषयीं अभ्यासकांचें एकमत नाहीं. परंतु बोभाट्याचें भय दिसतांच युंग कसे वागले, हें पत्रांवरून उघड आहे. आपण फी घेतलेली नसल्यामुळें वैद्याचें बंधन आपणांस तितकेंसें नाहीं, असें त्यांनीं मुलीच्या आईस कळविलें. १९०९ च्या जूनमध्यें, मोहाचा डाव तिनेंच रचला, असें त्यांनीं फ्रॉइड यांस लिहिलें. त्याच महिन्यांत तो आरोप त्यांना परत घ्यावा लागला. फ्रॉइड यांनींही प्रथम युंग यांचेंच सांत्वन केलें होतें.

१९७७ मध्यें जिनिव्हा येथें साबिनाचे कागद सांपडल्यापासून या प्रकरणास कोणी प्रेमकथा म्हणतात, कोणी अत्याचार. पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, तिचें प्रेम खरें होतें आणि ती पुढें स्वतः नामांकित मनोविश्लेषक झाली. तिला बळी ठरविणें हा तिचा अपमानच होय. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु 'अत्याचार' हा शब्द वैद्याच्या कृत्याचें वर्णन करतो, रुग्णाच्या योग्यतेचें नव्हे. फ्रॉइड यांनींच १९१५ च्या निबंधांत बजावलें कीं, असें प्रेम उपचाराच्या परिस्थितींतूनच उपजतें, म्हणून वैद्यानें त्याचा लाभ घेतां कामा नये. मन उघडें करून बसलेल्या माणसाची संमति ही बरोबरीच्या माणसाची संमति नव्हे. ग्रीक वैद्यांच्या प्राचीन शपथेनें हा निषेध केलाच होता. अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या संघटनेनें तो १९७३ मध्यें स्पष्ट शब्दांत घातला.

तथापि हा शब्द सरसकट वापरणेंही योग्य नाहीं. ठरल्यापेक्षां चार घटका अधिक बोलणें किंवा एखादी क्षुल्लक भेट स्वीकारणें हा फार तर प्रमाद होईल. आमच्या मतें कसोटी एकच: मर्यादा कोणाच्या गरजेसाठीं मोडली? वैद्यानें स्वतःच्या सुखासाठीं रुग्णाचा विश्वास खर्चीं घातला असेल, तर त्यास अत्याचारच म्हटलें पाहिजे. सौम्य शब्द योजले म्हणजे दोष नाहींसा होत नाहीं. तो केवळ वैद्याच्या माथ्यावरून उतरून रुग्णाच्या माथीं बसतो. १९०९ मध्यें नेमकें तेंच झालें.