चूल, धुराडं आणि बंब : गणपतीआधी घरातली आग अशी तपासून घ्या

रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी गॅस आला, पण चूल काही गेली नाही. अंघोळीचं पाणी, पेज, गणपतीतला आणि शिमग्यातला मोठा स्वयंपाक अजून अनेक घरांत लाकडावरच होतो. आपली जुनी घरं कौलारू. वासे, रिपा, माळा सगळं लाकडाचं, आणि खाली चूल. वाडी रस्त्यापासून लांब, पाखाडी उतरून जायची. अग्निशमन गाडी दारात येईलच असं नाही. म्हणून आग लागूच नये, ही काळजी आपणच घ्यायची.

चुलीवरचा माळा

पावसात लाकडं वाळावीत म्हणून आपण ती चुलीवरच्या माळ्यावर रचतो. सोडणं, करवंट्या, झावळ्याही तिथेच. वर्षभर धूर खाऊन हे सगळं चकचकीत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते.

- चुलीच्या अगदी डोक्यावर सोडणं, झावळ्या, कागद, गोणपाट ठेवू नका. ठेवायचीच तर जाड लाकडं ठेवा, तीही चुलीच्या बाजूला सरकवून.
- छपराला लोंबणारी काजळीची जळमटं महिन्यातून एकदा झाडा. ती पेट घेतात आणि आग एका वाशावरून दुसऱ्या वाशावर जाते.
- कौलं गळतात म्हणून आतून प्लास्टिक लावलं असेल, तर चुलीच्या वरचा भाग मोकळा सोडा. प्लास्टिक पेटतं, वितळून अंगावर पडतं आणि धुराची वाटही बंद करतं.
- पेंढ्याची उडवी घराला आणि गोठ्याला लागून रचू नका.

धुराडं का तुंबतं?

ओलं लाकूड जळताना धूर जास्त होतो. हा धूर पाईपात वर जाताना थंड होतो आणि आतून डांबरासारखा काळा, चिकट थर बसतो. थर वाढला की धूर घरात मागे फिरतो. एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की हाच थर पाईपाच्या आत पेटतो. म्हणून लाकूडफाटा आगोटीच्या आधी तोडून, फोडून, वाळवून आत घ्यावा. चुलीत काजूची टरफलं घालू नका. त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना, घशाला आणि कातडीला त्रास देतो.

साफ कसं करायचं?

रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा, नाहीतर निदान आगोटीआधी आणि गणपतीआधी.

1. चूल आदल्या रात्रीपासून बंद ठेवा. राख काढून चुलीच्या तोंडावर ओलं गोणपाट लावा.
2. नाकातोंडाला फडकं बांधा. चिव्याच्या काठीला काथ्या घट्ट बांधून पाईप वरून खाली घासा.
3. पावसात, शेवाळलेल्या कौलांवर चढू नका. उघडीप बघा, शिडी धरायला माणूस ठेवा आणि विजेच्या वायरपासून लांब राहा.
4. पाईप छपरातून जिथे बाहेर पडतो तिथे वासा, रीप त्याला टेकलेली नको. निदान वीतभर अंतर असावं. फट पत्र्याने झाका, ताडपत्रीने नाही.
5. पाईपाचं तोंड कौलांच्या वर दोन-तीन फूट असावं आणि त्यावर टोपी हवी.
6. शेवटी थोडा पेंढा पेटवून बघा. धूर वर ओढला गेला तर वाट मोकळी झाली.

1983 नंतर सरकारच्या सुधारित चुलीच्या कार्यक्रमात बसवलेल्या धूरविरहित चुलींना अनेक ठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाईप होते. तसा पाईप घरात असेल तर तो कोरडा घासू, कापू किंवा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. तडा गेला असेल तर पाईपच बदलून घ्या.

बंद घर उघडताना

मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी गणपतीला येतात, कुलूप उघडतात आणि पहिली चूल पेटवतात. तेवढ्या महिन्यांत धुराड्यात पाखराचं घरटं, गांधीलमाशांचं पोळं किंवा पडलेलं कौल असू शकतं. आधी पाईप बघा, मगच काडी लावा. शक्य असेल तर वाडीतल्या कुणाला तरी चार दिवस आधी बघायला सांगा.

बंब आणि गॅस

पेटता बंब किंवा निखाऱ्यांची शेगडी बंद न्हाणीत, बंद खोलीत नेऊ नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस तिथेच बेशुद्ध पडतो. बंद न्हाणीतल्या गॅस गिझरचाही धोका हाच. असं कुणी आढळलं तर दारं उघडून त्याला आधी उघड्यावर आणा आणि 108 ला फोन करा. बंबात पाणी भरल्याशिवाय जाळ घालू नये.

चूल आणि सिलिंडर एकाच खोलीत नकोत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत पोचतो. रबरी नळीवरची मुदत वाचा आणि वेळेवर बदला. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, चूल-दिवा विझवा, विजेचं बटण दाबू नका, दारं उघडा. बाहेर येऊन 1906 वर फोन करा.

धुराडं पेटलंच तर

पाईपातून घों-घों आवाज येतो आणि वरून ठिणग्या उडतात. अशा वेळी मुलं, म्हातारी माणसं आधी बाहेर काढा. चुलीतली लाकडं ओढून मातीने विझवा. चुलीचं तोंड ओल्या गोणपाटाने झाका, म्हणजे हवा तुटेल. तापलेल्या पाईपात पाणी ओतू नका, तो फुटतो आणि वाफेने भाजतं. 101 किंवा 112 ला फोन करा. आग विझल्यावरही माळा आणि वासे दोन-तीन तास तपासत राहा.

भाजल्यास त्या भागावर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. पदर पेटला तर धावू नका, जमिनीवर लोळा. पेटत्या चुलीत रॉकेल कधीच ओतू नका.

रोजचा धूरही साधा नाही

घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे तासन्‌तास बसणारी आई आणि तिच्या कडेवरचं पोर यांच्याच छातीत हा धूर सगळ्यात जास्त जातो. धुराडं साफ ठेवलं तर घराबरोबर त्यांचाही बचाव होतो.

रात्री झोपण्याआधी चुलीतले निखारे विझवा. राख थंड झाल्याशिवाय ती पेंढ्याजवळ, शेणींजवळ किंवा प्लास्टिकच्या बादलीत टाकू नका.