पाठ्यपुस्तक आणि गाईड

स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी आपण जमलो होतो, तेव्हा वर्गातल्या एका मैत्रिणीने मला विचारले, "माझ्या मुलीला वेबच्या कामात जायचंय. पण तिथे शिकलेलं दर सहा महिन्यांनी जुनं होतं म्हणतात. तू कसा टिकलास रे?" तेवढ्यात चहा आला, वर्गणीचा विषय निघाला आणि उत्तर राहून गेले. ते इथे देतो. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. इतिहासाच्या सरांना सनावळीशिवाय उत्तर चालत नसे, म्हणून सनही देतो.

माझ्या कामाला फ्रंटएंड म्हणतात. म्हणजे संकेतस्थळाचा जो भाग तुमच्या डोळ्यांसमोर असतो तो. रेल्वेचे तिकीट काढताना दिसणारा फॉर्म, त्यातली बटणे, मोबाइल नंबर चुकला की उमटणारी लाल ओळ, हे सारे त्यात आले.

याची सुरुवात युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत झाली. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला आणि 1991 मध्ये पहिले संकेतस्थळ जगाला खुले झाले. त्या पानांत शीर्षक, परिच्छेद, यादी आणि दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा एवढेच असे. हे सांगण्याची जी खुणांची भाषा, ती एचटीएमएल. 1994 मध्ये होकॉन विउम ली यांनी सुचवले की मजकूर एका जागी आणि त्याची सजावट दुसऱ्या जागी ठेवावी. त्यातून सीएसएस आले आणि डिसेंबर 1996 मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. मे 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना उभा केला. तीच आजची जावास्क्रिप्ट. पानावर बोट ठेवले की काहीतरी घडते, ते तिच्यामुळे. भारतात त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले.

या तीन गोष्टी म्हणजे आमचे पाठ्यपुस्तक. पुढची सारी धावपळ गाईडांची आहे.

पहिल्या काळात अडचण अशी की पाठ्यपुस्तक एक असले तरी प्रत्येक ब्राउझर ते आपापल्या परीने वाचत असे. नेटस्केपमध्ये नीट दिसणारे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये विस्कटे. पुढे 2001 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 6 आला, जगभर पसरला आणि त्याची पुढची आवृत्ती यायला 2006 उजाडले. त्या पाच वर्षांत नवे शिकणे म्हणजे मुख्यतः त्या एका ब्राउझरच्या खोडी पाठ करणे. शिकण्याची जागाही एकच होती. कोणाचे पान आवडले की 'व्ह्यू सोर्स' करून त्याचा कोड उघडायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा.

मराठीची अडचण आणखी वेगळी. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण ती घरोघरच्या संगणकांवर यायला वेळ लागला. विंडोज 2000 बरोबर मंगल हा फाँट आला. तोवर, आणि नंतरही काही वर्षे, अनेक मराठी संकेतस्थळे आपापला फाँट वापरत. तो आधी उतरवून घ्यायचा, मग बातमी वाचायची. फाँट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमिड. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा तिच्याकडे यायचे आहे.

2005 मध्ये वारे फिरले. पान पुन्हा न उघडता त्यातला थोडा भाग बदलण्याची सोय मायक्रोसॉफ्टने 1999 मध्येच आणली होती. जीमेल आणि गुगल मॅप्स यांनी तिचे बळ दाखवले आणि फेब्रुवारी 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्या तंत्राला एजॅक्स हे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली. ब्राउझरांचे आपसातले मतभेद तिने पोटात घेतले. एक ओळ लिहायची, ती सगळीकडे चालायची. आमच्यासाठी हे पहिले उत्तम गाईड. मग 2007 मध्ये आयफोन आला आणि पडदा हातावर मावू लागला. मे 2010 मध्ये ईथन मार्कोट यांनी एकच पान प्रत्येक पडद्याच्या मापाने कसे बसवावे ते लिहिले. त्याला रिस्पॉन्सिव्ह डिझाइन म्हणतात.

त्यानंतर मात्र रांगच लागली. 2009 मध्ये नोड, 2010 मध्ये अँग्युलरजेएस, 2013 मध्ये फेसबुकची रिअ‍ॅक्ट, 2014 मध्ये व्ह्यू. प्रत्येकाचे चाहते वेगळे, शब्द वेगळे. मार्च 2016 मध्ये तर गंमतच झाली. लेफ्ट-पॅड नावाचा अवघ्या 11 ओळींचा कोड त्याच्या लेखकाने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि त्यावर नकळत विसंबलेले असंख्य प्रकल्प जगभर अडले. काही तासांत तो परत ठेवावा लागला. आपण किती जणांच्या खांद्यावर उभे आहोत हे त्या दिवशी कळले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँग्युलर 2 आले. नाव जवळपास तेच, पण आतून सारे नवे. जुना कोड त्यात तसाच चालणार नव्हता. आमच्या तेव्हाच्या कंपनीत अँग्युलरजेएस निवडावे असा आग्रह मीच धरला होता आणि हाताखालच्या मुलांना तेच शिकवले होते. आता तीच मुले विचारत होती, "सर, पुढे काय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्री जेवण झाल्यावर मी दोन-दोन तास नव्या घडामोडी वाचत बसे आणि सकाळी आदल्या दिवसापेक्षा अधिकच मागे पडल्यासारखे वाटे. या धंद्यातून बाहेर पडावे असेही मनात आले. या थकव्याला आमच्या क्षेत्रात 'जावास्क्रिप्ट फटीग' असे नाव पडले होते, म्हणजे तो माझ्या एकट्याचा नव्हता.

एका रविवारी मी वही घेतली आणि आजवर जे जे शिकलो त्याची यादी केली. समोर दोन रकाने: आज चालते, आज चालत नाही. दुसऱ्या रकान्यात बहुतेक गाईडे गेली. पण पहिल्या रकान्याने मला चकित केले. एचटीएमएलचे जे जे शिकलो होतो ते जवळजवळ सारे तिथे होते. आणि गाईडांतलेही जे खरोखर चांगले होते, ते पाठ्यपुस्तकात येऊन बसले होते. पानावरचा नेमका भाग शोधण्याची जेक्वेरीची सोय 2009 पर्यंत प्रमुख ब्राउझरांनी स्वतःच दिली होती. कॉफीस्क्रिप्ट या छोट्या भाषेतील बाणाची खूण 2015 च्या जावास्क्रिप्टमध्ये आली होती. हे पुढेही चालू राहिले. मजकुराच्या चौकटी मांडण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे नाना युक्त्या करत होतो, त्यांची जागा 2017 मध्ये सीएसएस ग्रिडने घेतली. सॅस या साधनातली नियमात नियम लिहिण्याची पद्धत 2023 मध्ये थेट सीएसएसमध्ये आली.

पाठ्यपुस्तक सांभाळणारी मंडळी किती जपून वागतात याचे एक उदाहरण देतो. 2018 मध्ये जावास्क्रिप्टमध्ये 'फ्लॅटन' नावाची नवी सोय यायची होती. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी वापरले होते आणि त्यामुळे एक जुने संकेतस्थळ बिघडते असे चाचणीत आढळले. लायब्ररीची चलती केव्हाच संपली होती. तरी समितीने जुने पान मोडण्यापेक्षा आपलेच नाव बदलले. ती सोय आज 'फ्लॅट' या नावाने आहे.

म्हणूनच स्पेस जॅम या चित्रपटाचे 1996 चे संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. उलट एका कंपनीच्या मालकीच्या फ्लॅशवर उभारलेली, त्या काळी डोळे दिपवणारी संकेतस्थळे 2020 अखेर फ्लॅश बंद झाल्यावर अंधारात गेली. आपल्या त्या जुन्या मराठी पानांचेही तेच झाले. जी युनिकोडमध्ये आली ती वाचता येतात. जी आली नाहीत, त्यांचा फाँट हरवला की बातमी जागेवर असूनही गिचमिडच दिसते.

तर मैत्रिणी, मुलीला एवढे सांग. आधी तिन्ही पाठ्यपुस्तके मन लावून वाच. नोकरीसाठी एक गाईड लागतेच, सध्या बहुतेक ठिकाणी रिअ‍ॅक्ट विचारतात, ते खुशाल शीक. शाळेत आपणही गाईडे वापरलीच की. रोजच्या बातम्यांमागे धावू नकोस. महिन्यातून एक दिवस ठरव आणि ब्राउझरांत नवे काय आले ते आधी बघ, मग बाकीचे. नवे साधन दिसले की ते कोणती अडचण सोडवते हे विचार. ती अडचण तुला आलेलीच नसेल तर थांबायला हरकत नाही. आता यंत्रही कोड लिहून देते, पण ते बरोबर लिहिले की नाही हे तपासायला पाठ्यपुस्तकच लागते.

मला हे कळायला पंचवीस वर्षांतली बरीच रात्रीची जागरणे लागली. तिला तेवढी लागू नयेत. मेळाव्याला तिला सोबत घेऊन ये, मी लॅपटॉप आणतो. सर्नने त्या पहिल्या संकेतस्थळाची 1992 मधली प्रत 2013 मध्ये पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवली आहे. ते पान उघडू आणि 'व्ह्यू सोर्स' करू. त्यातली ओळ न् ओळ तिला पहिल्याच दिवशी समजेल.