तैलबिंदूचीं पानें : मूत्रपरीक्षेंतील पाहणी व शकुन

जुन्या वैद्यघराण्यांच्या बाडांत नाडीपरीक्षा, मूत्रपरीक्षा, कालज्ञान अशा नांवांचीं दोन-चार पानांचीं प्रकरणें वारंवार आढळतात. संग्राहक मोठ्या ग्रंथाची पोथी जपतो आणि हीं पानें फुटकळ म्हणून बाजूस सारतो. त्यांपैकीं मूत्रपरीक्षेच्या पानांविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, आजची प्रयोगशाळा जें करिते तें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें. दुसरा म्हणतो, हा सर्व शकुनाचा बाजार होय. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं पानें पुरतीं वाचलेलीं नाहींत. त्यांत पाहणी आहे व शकुनही आहे. दोन्ही वेगळीं केल्यावांचून या पानांचें मोल ठरणार नाहीं.

प्रथम मूळ संहिता पाहूं. चरकानें प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत : कफाचे दहा, पित्ताचे सहा व वाताचे चार. त्यांचीं बहुतेक नांवें मूत्राच्या दिसण्यावरून पडलेलीं आहेत. पाण्यासारखें तो उदकमेह, उसाच्या रसासारखें तो इक्षुवालिकारसमेह, वाळूचे कण पडतात तो सिकतामेह, हळदीसारखें तो हारिद्रमेह, मंजिष्ठाच्या काढ्यासारखें तो मांजिष्ठमेह, शाईसारखें काळें तो कालमेह. सुश्रुताची यादी थोडी निराळी आहे. तींत सुरामेह, पिष्टमेह, फेनमेह अशीं नांवें येतात. मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें चरकानें प्रमेहाच्या पूर्वरूपांत नोंदलें आहे.

परंतु याहून महत्त्वाचें वचन चिकित्सास्थानांतील प्रमेहाच्या अध्यायांत आहे. मूत्र हळदीच्या रंगाचें किंवा रक्तमिश्रित असलें, पण प्रमेहाचीं पूर्वरूपें झालेलीं नसलीं, तर त्यास प्रमेह म्हणूं नये; तो रक्तपित्ताचा प्रकोप समजावा, असें चरक सांगतो. म्हणजे नुसत्या रंगावरून रोग ठरवूं नये, मागची सारी हकीकत जुळवून पाहावी, हा दंडक संहितेनेंच घालून दिला आहे. मूत्रावर तेलाचा थेंब सोडण्याची रीत मात्र चरक, सुश्रुत व वाग्भट या तिघांतही नाहीं.

ती रीत पुढच्या काळच्या ग्रंथांत दिसते. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, नेत्र व आकृति अशी अष्टस्थान परीक्षा योगरत्नाकरांत सविस्तर आली आहे. हा ग्रंथ इ. स. च्या १७ व्या शतकाच्या सुमाराचा मानतात. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो छापल्यामुळें वाचकांस सुलभ झाला. त्यांतील विधि असा : रात्रीच्या शेवटच्या चार घटिका राहिल्या असतां रोग्यास उठवावें, मूत्राची पहिली धार सोडून मधली धार काचेच्या भांड्यांत धरावी, आणि सूर्योदयीं उजेडांत ती नीट न्याहाळावी. वातानें मूत्र पांडुर होतें, कफानें पांढरें व फेसाळ होतें, रक्तदोषानें तांबडें होतें. येथवर हा शुद्ध पाहणीचा भाग आहे. ठराविक वेळ, स्वच्छ पारदर्शक भांडें आणि मधली धार, या तिन्ही गोष्टींची मातबरी आजच्या परीक्षकासही आहे. त्याचीं कारणें निराळीं असतील, पण तुलना करावयाची तर नमुना एकाच रीतीनें घेतला पाहिजे, ही जाण दोघांची सारखीच होय.

यापुढें तैलबिंदु येतो. गवताच्या काडीनें तेलाचा थेंब अलगद सोडावा. तो पसरला तर रोग साध्य, न पसरतां राहिला तर कष्टसाध्य, तळाशीं गेला तर असाध्य. थेंब सापासारखा लांबला तर वात, छत्रासारखा झाला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ. नंतर दिशा येतात. पूर्वेस पसरला तर रोगी लवकर बरा होतो. दक्षिणेस गेला तर ज्वर येऊन क्रमानें बरा होतो. उत्तरेस गेला तर आरोग्य निश्चित. ईशान्येस गेला तर महिन्यांत मृत्यु. हंस, कमळ, चामर, तोरण हे आकार शुभ; कासव, रेडा, शस्त्र, शिर नसलेलें धड हे अशुभ. चाळणीसारखा आकार झाल्यास कुलदोष आणि मनुष्याकृति दिसल्यास भूतदोष सांगितला आहे.

थेंब पसरणें वा न पसरणें हें द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असतें, आणि मूत्रांत पित्तक्षार उतरले तर तो ताण कमी होतो. याच तत्त्वावर गंधकाची पूड टाकून पाहण्याची हे यांची कसोटी युरोपीय वैद्यकांत रूढ झाली. म्हणून थेंबाच्या पसरण्याकडे पाहणारा वैद्य खरोखरच कांहीं तरी पाहत होता, असें म्हणतां येतें. तथापि त्यावरून साध्यासाध्यता ठरते, असें मात्र म्हणतां येत नाहीं; भांड्यास लागलेला किंचित् ओशटपणाही थेंबाची चाल बदलतो. दिशा व आकार तर उघड शकुनशास्त्रांतून आलेले आहेत.

हें मिश्रण एकट्या आपल्याकडचें नव्हे. युरोपांतही मूत्राची कुपी हेंच वैद्याचें चिन्ह होऊन बसलें होतें, आणि रोग्यास न पाहतां कुपीवरून भविष्य सांगणाऱ्यांविरुद्ध थॉमस ब्रायन यास १६३७ सालीं पुस्तक लिहावें लागलें. पुढें थॉमस विलिस यानें मधुमेही मूत्राच्या गोडीची नोंद १६७४ च्या सुमारास प्रसिद्ध केली, आणि मॅथ्यू डॉब्सन यानें १७७६ सालीं तें मूत्र आटवून मागें साखर उरते हें दाखविलें. मुंग्यांचें साक्ष्य आमच्या ग्रंथांत शतकानुशतकें होतें. तें आटवून पाहण्याचें पाऊल मात्र आम्हीं टाकलें नाहीं. ही गोष्ट अभिमानानेंही झांकतां येत नाहीं.

या विवेचनांत केवळ पांडित्याचा प्रश्न नाहीं. असाध्य रोग हातीं घेणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व कीर्तीची हानि होते, असें चरकाचें वचन आहे. तेव्हां ईशान्येकडे सरकलेला एक थेंब रोग्यास औषध मिळणार कीं नाहीं, हें ठरवूं शकत होता. उलट, रंग पाहून मागची हकीकत विचारणारा वैद्य त्याच रोग्यास वांचवूं शकत होता. आजही बिटाच्या कोशिंबिरीनें मूत्र तांबडें होतें आणि न दुखतां पडणाऱ्या रक्तानेंही होतें. पहिलें दुसऱ्या दिवशीं निवळतें. दुसऱ्यास विलंब न लावतां वैद्यास दाखवावें लागतें. नुसता रंग दोहोंतील भेद सांगत नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं मूत्रपरीक्षेचें पान बाडापासून तोडूं नये. तें नाडीपरीक्षेच्या मागून आलें आहे कीं एकटेंच लिहिलें आहे, नमुना घेण्याचा विधि त्यांत आहे कीं लेखकानें तो गाळून दिशांचें फळ तेवढें उतरून घेतलें आहे, हें नोंदवावें. दिशांचीं नांवें विशेष जपून वाचावीं. सौम्य म्हणजे उत्तर आणि याम्य म्हणजे दक्षिण, आणि घाईच्या लेखनांत एका अक्षरानें आरोग्याचा ज्वर होतो. समासांत मोडींत कांहीं टिपण असेल, तर तें श्लोकांइतकेंच काळजीपूर्वक उतरून घ्यावें. कोणत्या वैद्यानें थेंबावर विसंबून रोगी सोडला आणि कोणी हकीकत विचारून हातीं घेतला, याचा माग लागला तर तो अशाच टिपणांत लागेल.