बुद्धिबळात ‘मास्टर’ किताब कसा मिळतो? मानांकन, नॉर्म आणि वाटेतल्या अडचणी

कळंबोली : नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बटुमी येथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. वय १९. बातमी घरोघरी पोचली, पण ग्रँडमास्टर म्हणजे नेमके काय आणि तिथवर जायची वाट कुठून सुरू होते, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसते. पोरगं शाळेत पहिलं आलं, ट्रॉफी घरी आली, पुढे काय? त्याची ही माहिती.

किताब कोण देते?

बुद्धिबळाचे किताब ‘फिडे’ ही जागतिक संघटना देते. क्लास, अकादमी किंवा एखादे मंडळ हे किताब देऊ शकत नाही. खालून वर चार पायऱ्या आहेत. कँडिडेट मास्टरसाठी २२०० मानांकन लागते, फिडे मास्टरसाठी २३००, इंटरनॅशनल मास्टरसाठी २४०० आणि ग्रँडमास्टरसाठी २५००. महिलांसाठी वेगळे किताबही आहेत : वुमन कँडिडेट मास्टर २०००, वुमन फिडे मास्टर २१००, वुमन इंटरनॅशनल मास्टर २२०० आणि वुमन ग्रँडमास्टर २३००. मुलींना दोन्ही वाटा खुल्या असतात. दिव्या २०२१ मध्ये वुमन ग्रँडमास्टर झाली, २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर आणि २०२५ मध्ये ग्रँडमास्टर. म्हणजे ‘वुमन ग्रँडमास्टर’ आणि ‘ग्रँडमास्टर’ हे दोन वेगळे किताब आहेत. बातम्यांत यात हमखास घोळ होतो.

किताब एकदा मिळाला की जन्मभर राहतो. नंतर मानांकन खाली आले तरी तो काढून घेतला जात नाही.

मानांकन म्हणजे काय?

मानांकन हा खेळाडूच्या ताकदीचा आकडा. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी करून फिडे मानांकन स्पर्धेत उतरायचे. आधीच मानांकन असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव झाले की हिशोब निघतो. मार्च २०२४ पासून खालची मर्यादा १००० वरून १४०० झाली आहे. आकडा त्याच्या खाली निघाला तर नाव यादीत येत नाही. यादी दर महिन्याच्या १ तारखेला निघते.

पुढचे गणित समोरच्याच्या ताकदीवर चालते. समजा १८ वर्षांखालील १६०० मानांकनाच्या मुलाने १४०० वाल्याला हरवले, तर त्याला साधारण १० गुण मिळतात. हरला तर मात्र ३० गुण जातात. बरोबरीच्या खेळाडूला हरवले तर २० मिळतात आणि हरले तर २० जातात. त्यामुळे सोप्या स्पर्धा शोधून आकडा वाढवायचा म्हटले तर एका हारीत तीन विजयांची कमाई जाते.

हे मानांकन क्लासिकल म्हणजे लांब वेळेच्या डावांचे. रॅपिड आणि ब्लिट्झचे मानांकन वेगळे असते आणि ते या किताबांना चालत नाही.

नॉर्म : खरी अडचण इथे

कँडिडेट मास्टर आणि फिडे मास्टरला मानांकन पुरते. इंटरनॅशनल मास्टर, ग्रँडमास्टर आणि महिलांच्या त्या दोन किताबांना मानांकनाबरोबर नॉर्मही लागतात. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत त्या किताबाला शोभेल असा खेळ केल्याचा दाखला. असे तीन नॉर्म लागतात आणि तिन्ही मिळून किमान २७ डाव व्हावे लागतात.

ग्रँडमास्टर नॉर्मसाठी त्या स्पर्धेतली कामगिरी २६०० च्या तोडीची हवी, इंटरनॅशनल मास्टरसाठी २४५०. ९ फेऱ्यांची स्पर्धा धरली तर ग्रँडमास्टर नॉर्मचा हिशोब असा बसतो : प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी मानांकन २३८० असेल तर ९ पैकी ७ गुण लागतात, २४७५ असेल तर ६ गुण आणि २५२० असेल तर साडेपाच गुण.

नुसते गुण करूनही भागत नाही. ९ प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान ३ जण ग्रँडमास्टर असावे लागतात. निम्मे तरी किताबधारक हवेत आणि त्यात कँडिडेट मास्टर धरत नाहीत. शिवाय आपला देश सोडून आणखी किमान दोन देशांचे खेळाडू समोर यावे लागतात. मोठ्या स्पर्धेत पुरेसे परदेशी खेळाडू आले असतील तर या शेवटच्या अटीत सूट मिळते.

खर्चाचे मूळ याच अटींत आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेत कितीही डाव जिंकले तरी नॉर्म मिळत नाही, कारण समोर ग्रँडमास्टरच नसतात. मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नईकडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा गाठाव्या लागतात, नाहीतर थेट युरोप. प्रवास, ८-१० दिवसांचा मुक्काम, जेवण, प्रवेश फी, प्रशिक्षक आणि पोर लहान असेल तर सोबत एक पालक. त्या दिवसांत पालकाचे काम बंद. घरात जनावरे असतील, भाताची लावणी किंवा कापणी सुरू असेल, तर हा हिशोब आणखी जड जातो.

एक गोष्ट मात्र बरी आहे. मिळालेला नॉर्म शिळा होत नाही, पुढचा मिळायला वर्षे लागली तरी जुना धरला जातो. मानांकनही एकदाच त्या आकड्याला लागले की झाले, मग ते स्पर्धेच्या मध्येच का असेना.

थेट वाट

काही मोठ्या स्पर्धा जिंकल्या की किताब थेट मिळतो. दिव्याचे तसेच झाले. विश्वचषकाला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. पण महिला विश्वचषक विजेतीला हा किताब थेट देण्याचा नियम आहे. अर्थात तिथपर्यंत जायलाच वर्षांची मेहनत लागते. २०२४ मध्ये तिने ज्युनिअर मुलींचे जगज्जेतेपद जिंकले होते.

महाराष्ट्राने काय पाहिले?

देशातला पहिला इंटरनॅशनल मास्टर तमिळनाडूचे मॅन्युएल अ‍ॅरन, १९६१ चे. महिलांमध्ये पहिली वुमन इंटरनॅशनल मास्टर मुंबईची जयश्री खाडिलकर. तिच्या बहिणी वासंती आणि रोहिणी याही राष्ट्रीय विजेत्या. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये आणि दिव्येंदू बरुआ १९९१ मध्ये ग्रँडमास्टर झाले. तिसरे मुंबईचे प्रवीण ठिपसे, १९९७ मध्ये, वयाची पस्तिशी उलटल्यावर. त्यांच्यानंतर २००० मध्ये पुण्याचे अभिजित कुंटे.

पुढे वाट मुंबई-पुण्याबाहेर गेली. नाशिकचा विदित गुजराथी २०१३ मध्ये, अमरावतीचा स्वप्निल धोपाडे २०१५ मध्ये, अहमदनगरचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला. नागपूरच्या रौनक साधवानीने २०१९ मध्ये १३व्या वर्षीच किताब मिळवला. कुणाला १३, तर कुणाला ३७-३८. वय ठरलेले नाही.

रायगडच्या पोरांनी सुरुवात कुठून करायची?

दोन वेगळ्या शिड्या आहेत हे आधी समजून घ्यावे. एक शालेय क्रीडा स्पर्धांची : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. तिची माहिती शाळेतल्या क्रीडाशिक्षकाकडे किंवा अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण नियमात बसणाऱ्या स्पर्धांनाच असते, म्हणून प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे आहे ते तपासून घ्यावे. दुसरी शिडी बुद्धिबळ संघटनेची : जिल्हा निवड, राज्य निवड, मग ७, ९, ११, १३, १५, १७, १९ अशा वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धा. मानांकन या दुसऱ्या शिडीवर आणि खुल्या फिडे स्पर्धांत मिळते.

कळंबोलीची जागा सोयीची आहे. एक्स्प्रेसवे इथूनच सुरू होतो, त्यामुळे पुण्याची स्पर्धा आवाक्यात. मानसरोवर स्टेशनवरून हार्बर लोकलने मुंबई गाठता येते. पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धनच्या मुलांना मात्र सकाळच्या पहिल्या फेरीसाठी आदल्या दिवशीच निघावे लागते. अशा ठिकाणच्या शाळांनी दोन-चार मुलांना मिळून एका पालकासोबत पाठवले तर खर्च वाटला जातो.

फसगत टाळा

ऑनलाइन खेळाच्या अ‍ॅपवर २००० आकडा दिसला म्हणजे फिडे मानांकन २००० झाले असे नाही. ‘अरीना’ नावाने ऑनलाइन मिळणारे किताब फिडेचेच असले तरी ते वर सांगितलेल्या किताबांपैकी नाहीत. ‘दोन वर्षांत मास्टर करतो’ म्हणणाऱ्या क्लासला आधी विचारावे की त्यांच्या किती मुलांचे मानांकन फिडेच्या यादीत आहे. प्रत्येक खेळाडूचे मानांकन आणि किताब फिडेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. स्पर्धेची फी भरण्यापूर्वी ती फिडेकडे नोंदलेली आहे का, हेही तिथेच दिसते.

सगळी मुले ग्रँडमास्टर होत नाहीत. बहुतेकांची वाट १६००-१८०० च्या आसपास थांबते आणि त्यात कमीपणा काही नाही. म्हणून कर्ज काढून परदेश गाठण्याआधी मानांकन यादीकडे बघावे. वर्षभर नेमाने खेळून आकडा वर सरकत असेल तर पुढचा खर्च करावा. जागेवरच असेल तर घरी पट मांडून, जुने डाव परत लावून अभ्यास वाढवावा. त्याला फी लागत नाही.