ड्रायव्हर तुरुंगात, वळण जागेवर

अपघात झाला की आपला पहिला प्रश्न असतो, चूक कोणाची? आता या प्रश्नाचं वय बघा. हयगयीने किंवा अविचाराने कुणाचा मृत्यू घडवल्याबद्दलचं कलम ३०४-अ भारतीय दंड संहितेत आलं १८७० साली. बेंझच्या मोटारीचं पेटंट १८८६ चं! म्हणजे मोटारीआधीचं कलम आपण थेट २०२४ पर्यंत मोटार अपघातांना लावत होतो. आणि त्यात सापडायचा तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच.

अमेरिकेतही दोष चालकाचाच मानत. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने पुस्तक लिहून बोट वळवलं ते गाडी बनवणाऱ्यांकडे. चालक चुकला असेल, पण धडकेत आतला माणूस वाचावा अशी गाडी का नाही बनवली? पुढच्याच वर्षी तिथे वाहन-सुरक्षेचा कायदा झाला.

आपल्याकडे १९८२ च्या दुरुस्तीने, चूक सिद्ध न करताही मृताच्या घरच्यांना ठरावीक भरपाई मिळू लागली. रस्त्याची पाळी आली २०१९ मध्ये. कलम १९८-अ सांगतं, की ठरलेले निकष न पाळता रस्ता बांधला किंवा राखला आणि त्यामुळे कुणी दगावलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला दंड. किती? एक लाखापर्यंत.

दारू पिऊन चालवणाऱ्याची मी वकिली करत नाहीये. पण एकाच वळणावर दहावा ट्रक उलटला, तर दहाही ड्रायव्हर बेपर्वा होते म्हणून भागेल का? ड्रायव्हर तुरुंगात जातो. वळण तिथेच राहतं, अकराव्याची वाट बघत.