एकसष्टाच्या पोटातली संख्या

तुम्ही मांडी घालून बसला आहात. समोर पाटी, तिच्यावर बारीक धूळ पसरलेली. बोटानं अंक काढायचा, तळव्यानं पुसायचा. शके 1072 चालू आहे, म्हणजे इसवी सन 1150. सह्याद्रीजवळच्या विज्जडवीड गावचे भास्कराचार्य वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचताहेत. त्यातल्या बीजगणिताचं एक उदाहरण तुमच्या वाट्याला आलंय: कोणत्या वर्गाला 61 नं गुणून 1 मिळवला की पुन्हा वर्गच येतो?

सोपं वाटतं. 61 च्या जागी 60 असते तर 4 चालला असता: 16 गुणिले 60 अधिक 1 म्हणजे 961, 31 चा वर्ग. 62 ला 8 पुरतो. मग मधल्या 61 ला असं कितीसं लागणार? तुम्ही 1 पासून सुरुवात करता. 2, 3, 4... शंभरापर्यंत जाता. तळवा मळतो, वर्ग काही येत नाही. याच वाटेनं गेलात तर पाटी बावीस कोटींहून जास्त वेळा पुसावी लागेल.

आचार्यांची रीत वेगळी. 1 मिळवून जमत नाही ना, मग जे मिळवून जमतं ते घ्या. 61 मध्ये 3 मिळवले की 64. ज्याचा वर्ग 61 नं गुणायचा ते कनिष्ठ 1, येणाऱ्या वर्गाचं मूळ ते ज्येष्ठ 8, मिळवायची संख्या म्हणजे क्षेप 3. आता चक्रवाल, म्हणजे एका त्रिकुटावरून पुढचं काढत जाण्याची फेऱ्यांची रीत, फिरवा. भागाकार निःशेष जावा म्हणून गुणक शोधायच्या कुट्टक रीतीनं गुणक 7 मिळतो. 7 आणि 8 मिळून 15, त्याला 3 नं भागून नवं कनिष्ठ 5. ज्येष्ठ 39 आणि क्षेप उणे 4. उणेपणाची खूण म्हणून 4 च्या डोक्यावर टिंब द्या. पडताळा घ्या: 25 गुणिले 61 म्हणजे 1525, त्यातून 4 गेले, उरले 1521. 39 चा वर्ग!

फक्त एक फेरा झालाय. इथून पुढं ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन जोड्यांपासून तिसरी जोडी काढायची रीत, 628 सालची. दोन्ही मुळं निम्मी केली की क्षेप उणे 1 होतो. ती मुळं भावनेनं पुन्हा पुन्हा जोडत गेलात की अपूर्णांक गळून पडतात आणि 3805 व 29718 हाती येतात. क्षेप अजून उणे 1. हीच जोडी स्वतःशी जोडा. उण्याचं अधिक होतं आणि धुळीत उमटतं:

कनिष्ठ 22,61,53,980.
ज्येष्ठ 1,76,63,19,049.

याहून लहान धन पूर्णांकांत उत्तरच नाही. साध्या 61 च्या पोटात एवढं दडलेलं होतं.

1657 साली फ्रान्समध्ये गणिती फेर्मा हाच 61 दुसऱ्यांपुढं कोडं म्हणून टाकील. ही पाटी त्याला ठाऊक नसेल. पुढं गणिती ऑयलर या समीकरणाला पेल या गणितज्ञाचं नाव देईल, ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. मला ते नाव खटकतं. चक्रवालही भास्कराचार्यांच्या आधी जयदेव या गणितज्ञाला माहीत होतं, हेही विसरू नये. आपण या समीकरणाला त्याच्या जुन्या नावानं वर्गप्रकृती म्हणावं.

आता परत या आणि वही घ्या. 29718 चा वर्ग करा, दुप्पट करा, 1 मिळवा. यंत्राला हात लावू नका.